ओहायोचा मूळपुरुष

माझ्या भाचीनं एका अमेरिकन मुलाशी लग्न करायचं ठरवलं आणि पुण्याहून ताईचा फोन आला. मी तो सिंगापूरला, क्वीन्सटाउनच्या आमच्या फ्लॅटमध्ये, अकराव्या मजल्यावर घेतला. खाली व्हॉइड डेकवर, म्हणजे इमारतीच्या मोकळ्या तळमजल्यावर, बुद्धिबळ खेळत बसलेल्या चिनी आजोबांनी सोंगटी हातात तशीच धरून वर पाहिलं, इतका ताईचा आवाज स्वच्छ येत होता. यात अतिशयोक्ती असलीच तर एखाद-दोन मजल्यांची असेल.

"गोरा आहे त्याला माझी हरकत नाही," ताई म्हणाली. "मांस खातो, खाऊ दे. तुझी भाची तिथं राहून काय गवत खात होती? पण माणूस कुणाचा कोण ते कळायला नको? मूळ गाव कुठलं? मूळपुरुष कोण? मी विचारलं तर कार्टी म्हणते, त्याला आजोबांच्या पलीकडे काही माहीत नाही. अरे, आजोबांच्या पलीकडे माहीत नाही म्हणजे काय? आजोबा काय आकाशातून पडले?"

आमची ताई गणिताची शिक्षिका. निवृत्त झाल्यावर बाकीच्या बायका भजनी मंडळात जातात, ही आमच्या घराण्याच्या कुलवृत्तान्ताच्या समितीत गेली. दुसऱ्या आवृत्तीसाठी तिनं कोकणापासून इंदूरपर्यंत आमच्या आडनावाचा एकही माणूस सोडला नाही. रेल्वेत समोर बसलेल्या माणसाकडून नाशिक येईपर्यंत पणजोबा काढून घ्यायची. लोक तिला घाबरून आडनाव बदलून सांगायचे असं म्हणतात. म्हणजे मीच म्हणतो. तिच्या लेखी वंशावळ नसलेला माणूस म्हणजे रीत न दाखवता नुसतं उत्तर लिहिलेलं गणित. उत्तर बरोबर असलं तरी मार्क शून्य.

इकडे भाची माझ्यासमोर बसून रडत होती. ती क्लेमेंटीला एक खोली घेऊन राहायची, विद्यापीठात संशोधन करायची आणि रविवारी आमच्याकडे जेवायला यायची. तिचे वडील, म्हणजे आमचे भावोजी, जाऊन काही वर्षं झाली होती. त्यामुळे हो किंवा नाही म्हणणारी एकटी ताई.

"मामा, आईनं मनापासून हो म्हटल्याशिवाय मी लग्न करणार नाही," ती म्हणाली.

"शाब्बास," मी म्हणालो.

"आणि याच्याशी नाही झालं तर कुणाशीच करणार नाही."

हे ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी ताटात आणखी एक डोसा वाढला. संकटात त्यांना दुसरं काही सुचत नाही.

मुलगा सोन्यासारखा होता. इतका उंच की आमच्या घरात आल्यावर आम्ही आधी पंखा बंद करायचो. भाचीच्याच विभागात तो डासांवर संशोधन करायचा. डासांच्या शेकडो पिढ्यांचा इतिहास त्याला तोंडपाठ. कुठल्या डासाची आई कोण, आजी कोण, सगळं. स्वतःच्या आजोबांच्या पुढे मात्र गप्प. भाचीच्या नादानं तो मराठी शिकला होता आणि मला तर सुरुवातीपासूनच मामा म्हणायचा. वरण-भातावर तूप पडलं की डोळे मिटायचा. अशा मुलाला मूळपुरुष नाही म्हणून परत पाठवायचं?

मी छाती ठोकून सांगितलं, "मूळपुरुष मी शोधून देतो."

ही नुसती बढाई नव्हती. हार्बरफ्रंटला माझी शिपिंगमधली नोकरी, आणि माझं कामच मुळी हरवलेले कंटेनर शोधण्याचं. कोचीला जायचा माल ब्राझीलमधल्या सँटोसला उतरला, तर तो इथल्या खुर्चीत बसून मी हुडकून काढायचो. एकदा तर मी असा एक कंटेनर शोधून काढला जो मुळात हरवलेलाच नव्हता. मालकालाही आश्चर्य वाटलं. ज्याला समुद्रावरचे डबे सापडतात त्याला जमिनीत पुरलेला एक म्हातारा सापडू नये?

झालं. दुपारच्या सुट्टीत बाटम बेटाला जाणाऱ्या फेरीबोटी खिडकीतून सुटताना दिसायच्या आणि मी कॉम्प्युटरवर ओहायोच्या जंगलात शिरायचो. अमेरिकन लोकांनी जुन्या खानेसुमाऱ्या, चर्चच्या नोंदी, सगळं नेटवर टाकून ठेवलंय. मुलानं मला वडिलांचं, आजोबांचं नाव दिलं होतं. त्याच्या स्वतःच्या नावात मधलं नाव वडिलांचं. वडिलांच्या नावात मधलं नाव आजोबांचं. आजोबांच्या नावात पणजोबांचं. मला आनंदाचं भरतं आलं. ही तर आपलीच पद्धत! स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव. म्हणजे प्रत्येक माणूस वरच्या पायरीचा पत्ता खिशात घेऊनच फिरतोय. मी एकेक पायरी चढत खापरपणजोबांपर्यंत गेलो. त्यांचं मधलं नाव पाहिलं, त्या नावाचा आणि त्याच आडनावाचा माणूस शोधला, आणि शेजारच्याच परगण्यात तो मिशांना पीळ देत उभा होता.

काय माणूस होता! डोंगर ओलांडून, बैल हाकत, तिथं पहिल्यांदा आलेल्या मोजक्या लोकांतला. ओंडक्यांचं घर त्यानं स्वतः बांधलं. आणि त्या भागाच्या जुन्या इतिहासात स्वच्छ लिहिलं होतं की त्यानं दारात आलेलं अस्वल कुऱ्हाडीनं हाकलून लावलं.

मी त्याच संध्याकाळी ताईला व्हिडिओ कॉल लावला.

"ताई, बस. पाणी घे आधी. मूळपुरुष सापडला."

"सांग."

सांगितलं. बैलगाड्या सांगितल्या, बर्फ सांगितला, नदीचा पूर सांगितला. पूर माझ्या पदरचा. पण नदी होती म्हणजे पूर कधीतरी आलाच असणार.

"अस्वल?" ताईनं चष्मा काढला. "एकट्यानं?"

"एकट्यानं. दोन होती."

"आणि व्यसन वगैरे?"

"सुपारीसुद्धा नाही."

मागून सौभाग्यवती पुटपुटल्या, "अहो, मघाशी एक होतं ना?" मी हळूच आवाज बंद करायचं बटण दाबलं.

ताईनं चष्मा पुसून पुन्हा घातला. मग म्हणाली, "घराणं बरं दिसतंय. मी येते. मुलाला बघते." फोन ठेवता ठेवता पुन्हा म्हणाली, "मूळपुरुष मिळाला की पुढची रीत सोपी असते."

भाचीनं मला मिठी मारली. मुलानं तर त्या पूर्वजाच्या त्या जुन्या इतिहासातल्या कोरीव चित्राचा फोटो काढून खोलीत लावला. लहानपणापासून त्यानं आपल्या घराबद्दल काहीच ऐकलं नव्हतं. त्याचे वडील बदलीच्या नोकरीत, गावं बदलत वाढलेला मुलगा. आता क्लेमेंटीच्या भाड्याच्या खोलीत एक पूर्वज भिंतीवरून त्याच्याकडे बघत होता. भाचीच्या म्हणण्याप्रमाणे तो सकाळी त्या फोटोसमोर दाढी करायचा आणि हनुवटी तशीच दिसते का ते बघायचा.

ताई चांगी विमानतळावर उतरली ती मेतकूट, भाजणी आणि कुलवृत्तान्ताचे दोन जाडजूड खंड घेऊन. खंड मुलाला भेट द्यायला आणले होते. कस्टमवाल्या बाईनं भाजणीचं पाकीट उघडून हुंगलं आणि ताईनं उभ्या उभ्या तिला थालिपीठाची कृती सांगितली. सांगून संपेपर्यंत मागची रांग धावपट्टीपर्यंत गेली होती.

दुसऱ्या दिवशी मुलगा जेवायला येणार होता. सकाळी ताई आणि सौभाग्यवती श्रीखंडाच्या मागे लागल्या होत्या, एवढ्यात माझ्या फोनवर त्याचा मेसेज आला: मामा, खाली या. एकटे या.

आमच्या ब्लॉकच्या मागे एक कॉफीचं दुकान आहे. तिथं तो समोर कोपी, म्हणजे इथली कॉफी, ठेवून बसला होता. कोपी गार झालेली. गडी रंगानं गोरा होताच, आज पांढरा दिसत होता.

"मामा," तो म्हणाला, "ते अस्वल आमचं नाही."

"आमचं नाही म्हणजे?"

"अस्वलही नाही. तो माणूसही नाही."

झालं होतं असं, की आदल्या रात्री त्यानं मोठ्या अभिमानानं ओहायोला फोन लावला होता. त्याच्या आजोबांची एक बहीण अजून हयात होती. नव्वदीच्या घरातली, बहिरी, पण डोकं तल्लख. तिला त्यानं सगळी कथा ऐकवली, बैलांसकट आणि अस्वलांसकट. ती म्हातारी इतकी हसली म्हणे की तिची कवळी बाहेर आली. हे कवळीचं मी घातलेलं नाही, तिनंच सांगितलं. मग ती म्हणाली, अरे बाळा, तुझ्या खापरपणजोबांचं ते मधलं नाव बापाचं नव्हे, ते गावच्या पाद्र्याचं. पाद्री बिचारा बर्फातून बारशाला आला म्हणून त्याचं नाव पोराला मध्ये चिकटवलं. आपल्या घरात मधल्या जागी बापाचं नाव घालायची टूम निघाली ती तुझ्या पणजोबांपासून. तो अस्वलवाला निराळाच. आडनाव तेवढं सारखं.

तेव्हा मला हिशेब कळला. माझी रीत अचूक होती. देश चुकला होता.

"बरं, मग खरा कोण?" मी विचारलं.

त्यानं कपाकडे बघत सांगितलं. त्याच्या खापरपणजोबांचे वडील हे एक पोरकं पोर होतं. आईबाप सपाट तळाच्या होडीतून ओहायो नदीनं पश्चिमेकडे निघाले होते, नवी जमीन करायला. वाटेत तापानं दोघंही गेले. होडीतल्या लोकांना स्वतःचंच जड झालेलं. त्यांनी एका धक्क्यावर पोराला उतरवलं आणि ते पुढे गेले. त्या धक्क्याजवळ एक विधवा बाई एकटीनं जमीन कसत होती. तिनं त्याला घरात घेतलं, आपलं आडनाव दिलं, मरताना जमीन दिली. पोर इतकं लहान होतं की त्याला आईबापाचं नावही सांगता येईना. म्हातारी आजी म्हणाली, आमच्या घरी हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी लपवलं नाही, आणि कुणी मिरवलंही नाही.

"तुमच्या ताईंनी विचारलं होतं, हा कुणाचा कोण," तो म्हणाला. "मी कुणाचाच नाही मामा. आडनावसुद्धा उसनं आहे."

आता माझा स्वभाव असा की असल्या वेळी मला लगेच मार्ग दिसतो. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. उंच असल्यामुळे तो बसलेला असतानाच ते जमायचं.

"ऐक. ताईला ओहायो कुठे माहीत आहे? पाद्री गेला खड्ड्यात. अस्वलवाला राहू दे. लग्न होऊन जाऊ दे. पाच-दहा वर्षांनी हळूच सांगू, की संशोधनात नवीन प्रकाश पडला."

तो पहिल्यांदाच माझ्यावर रागावला. आवाज न चढवता रागावणाऱ्या माणसांपुढे माझं काही चालत नाही.

"नाही मामा. त्यांनी मला एकच गोष्ट विचारली आहे. त्याचं उत्तर खोटं दिलं तर मी त्यांच्या मुलीशी लग्न कसं करू?"

आणि उठला. जाता जाता दोन्ही कपांचे पैसे देऊन गेला, म्हणजे मला रागावायलाही जागा ठेवली नाही.

जेवायला बसलो. भाचीला त्यानं लिफ्टमध्येच सगळं सांगितलेलं दिसत होतं. ती ताटाकडेही बघत नव्हती. ताईनं मात्र थाटात सुरुवात केली. कुलवृत्तान्ताचे खंड त्याच्या हातात दिले. मुलगा ते उघडूही शकेना. पुस्तक मांडीवर ठेवून त्यानं सांगायला सुरुवात केली, निम्मं मराठीत, निम्मं इंग्रजीत, आणि जिथं दोन्ही भाषा संपल्या तिथं भाची पुढे झाली. अस्वल गेलं, बैल गेले. पाद्री आला. होडी आली, ताप आला, धक्का आला. ती बाई आली.

श्रीखंडाचा चमचा ताईच्या हातात अर्ध्यावर थांबला होता. मी मनातल्या मनात तिच्या परतीच्या विमानाची वेळ काढत होतो.

"पोर केवढं होतं?" ताईनं विचारलं. वर्गात विचारायची तसाच सूर.

"दोन-तीन वर्षांचं असेल."

"त्या बाईला स्वतःची मुलं?"

"नव्हती."

"आणि जमीन त्यालाच दिली. पुतण्या-बितण्यांना नाही?"

"म्हातारी आजी म्हणते, पुतणे भांडायला आले होते. बाईनं त्यांना कुत्री सोडून पळवलं."

ताईनं चमचा खाली ठेवला.

"अरे मग दत्तक म्हण ना!" ती म्हणाली. "एवढं काय तोंड पाडून सांगतोयस? मला वाटलं कुणाचा खून-बिन केला पूर्वजांनी. दत्तक! आमच्याकडे निम्मी घराणी दत्तकावर चाललीत. तो खंड उघड. अरे उघड! कुठलंही पान काढ."

त्यानं घाबरत उघडला. ताईनं त्याच्या हातातून घेऊन पानं फडाफडा उलटली.

"हा दत्तक आला. हा दत्तक गेला. हे बघ, हे दोघं भाऊ, दोघंही दत्तक गेले, बापाच्या घरात दिवा लावायला कुणी उरलं नाही, मग त्यानं मेहुण्याचा मुलगा घेतला. आणि हे कोण? हे माझे नि या गाढवाचे पणजोबा. दत्तक आलेले. आम्ही ज्या नावानं मिरवतो ते आमच्या रक्ताचं नाही. मग आम्ही काय कुणाचे नाही?"

गाढव मीच. आणि खरं सांगतो, आपले पणजोबा दत्तक आलेले हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण आमच्यात ते इतकं साधं मानतात, की अस्वलाच्या मागे धावताना मला त्याची आठवणसुद्धा झाली नव्हती.

मुलाला एवढं भराभर मराठी झेपत नव्हतं. भाची त्याला इंग्रजीत सांगायला लागली आणि मध्येच हुंदके द्यायला लागली, त्यामुळे उरलेलं सौभाग्यवतींनी सांगितलं. त्यांनी सांगता सांगता त्याच्या ताटात आणखी दोन पुऱ्या टाकल्या.

ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "पण मग मी कोणाला मानू? त्या बाईला? की होडीतल्या दोघांना? त्यांची तर नावंही नाहीत."

"दत्तक गेला तो त्या घरचा झाला," ताई म्हणाली. "हे पक्कं. तुझं घराणं त्या बाईपासून सुरू. आम्हाला सगळ्या पानांवर वर पुरुष घालायची खोड. तुझ्या पानावर वर बाई येईल. येऊ दे. जमीन कसत होती, पुतण्यांना पुरून उरली, परक्याचं पोर वाढवलं. यापेक्षा मूळपुरुषानं आणखी काय करायचं असतं? आणि जन्मदात्यांचं म्हणशील, तर त्यांचं स्मरण करायला कुणी कुणाला अडवलेलं नाही."

मग ती एकदम भाचीकडे वळली. "आणि तू! नाक पूस आधी. पानावर बसून रडतेस? मुलगा सरळ आहे. चूक उत्तर लपवलं नाही, स्वतः फळ्यापाशी येऊन खोडलं. असे मला तीस वर्षांत फार कमी मिळाले. आता मुहूर्त मी बघणार, कार्यालय मी ठरवणार, आणि याला चपला घालून मांडवात येऊ द्यायचं नाही."

भाची उठून तिच्या गळ्यातच पडली. मुलगाही उठला, आणि मी धावत जाऊन पंखा बंद केला.

त्यानंतर ताई आठवडाभर सिंगापुरात होती. जावयाला घेऊन ती रोज कॉफीच्या दुकानात बसायची आणि ओहायोच्या म्हातारीला फोन लावून एकेक चुलत शाखा काढून घ्यायची. ताईचं इंग्रजी शाळेतलं, म्हातारी बहिरी; शेवटी शेवटी दुकानातले सगळे लोक मध्ये पडून निरोप पोचवायला लागले. कोपी देणारा तर त्या घराण्यातल्या कुठल्या चुलतभावाचं कुठल्या मेहुण्याशी पटत नाही हेही सांगायला लागला होता.

लग्न पुण्यात झालं. आदल्या दिवशी देवक बसवताना पूर्वजांना बोलावायचं असतं. जावयाचे आईवडील अमेरिकेहून आले होते, पण त्यांना यातलं काही उमगेना, म्हणून ताईनं जावयालाच पाटावर बसवलं. सोवळं त्याच्या गुडघ्यापर्यंतच पोचत होतं. गुरुजींनी नावं विचारली. वडील, आजोबा, पणजोबा झाले. मग ताईनं त्या बाईचं नाव सांगितलं. गुरुजी म्हणाले, या जागी बाईचं नाव घेत नाहीत. ताई म्हणाली, "आज घेतात." गुरुजींनी घेतलं; ओहायोच्या बाईचं नाव त्यांच्या तोंडून असं काही निघालं की ती थेट देशस्थ वाटली.

"झालं?" गुरुजींनी विचारलं.

जावई म्हणाला, "अजून दोघं आहेत. पण नावं माहीत नाहीत."

"नाव नसलं तरी चालतं," गुरुजी म्हणाले. "मनात आणा आणि पाणी सोडा."

त्यानं डोळे मिटले, हातावरून पाणी सोडलं. गुरुजी पुढचा मंत्र म्हणायला तयार झाले, पण जावई डोळे उघडेना. गुरुजींना पुढच्या घरी जायचं होतं, त्यांनी घड्याळ बघितलं. ताईनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. गुरुजींनी घड्याळाचा हात उपरण्याखाली घेतला आणि जावई डोळे उघडेपर्यंत आम्ही सगळे थांबून राहिलो.